पुण्यातली खांदशेकणी

पवनारचे किसनराव पुण्याला गेले ते बैल घेऊन. आता हे वाक्य असं एकटं सोडलं तर लोक भलतंच काही समजतील, म्हणून लगेच सांगितलेलं बरं, की बैल लाकडाचे होते, चाळीस होते आणि बारदान्याच्या तीन पोत्यांत भरलेले होते. वर्धा स्टेशनवर हमालानं एक पोतं उचलता उचलता विचारलं, "काय हाय बावा यात?" किसनराव म्हणाले, "बैल." हमालानं पोतं हळूच खाली ठेवलं, किसनरावांना एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दुसरं गिऱ्हाईक शोधायला निघून गेला. पोती किसनरावांनी स्वतःच चढवली.

वय साठीच्या उंबरठ्यावर. धाम नदीच्या काठाला सहा एकर वावर, त्यात पराटी म्हणजे कपाशी, आणि तूर. पण गावात त्यांची ओळख वावरावरून नव्हती. उन्हाळ्यात वावर मोकळं झालं, की हा माणूस कडुनिंबाखाली पटाशी घेऊन बसायचा आणि शिवणीच्या लाकडातून बैल काढायचा. तान्ह्या पोळ्याला आसपासच्या चार गावांत जेवढी पोरं बैल ओढत निघत, त्यातल्या निम्म्या बैलांचे बाप किसनराव. तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा पोळा. नटूनथटून पोरं चाकावरचा बैल घेऊन दारोदार जातात, आणि ज्याच्या दारी बैल आला त्यानं पोराच्या हातावर बोजारा ठेवायचा, मग तो खाऊ असो की नाणं. न ठेवणाऱ्या कंजुषाचं नाव गावात वर्षभर निघतं.

यातला पहिला बैल त्यांनी केला तो समीक्षासाठी. ती चार वर्षांची होती, बैलाचं एक शिंग मोठं झालं होतं आणि पोरीला तेच आवडलं होतं. ती एकुलती एक लेक पुण्याला डिझाइन शिकायला गेली, तिथंच नोकरीला लागली, मग नोकरी सोडून तिनं स्वतःचं काम सुरू केलं. या सगळ्यात सहा वर्षं झाली, ती पोळ्याला घरी आलीच नाही. कधी सबमिशन, कधी ऑफिस, कधी प्रदर्शन. दिवाळीला यायची. बायको सुलोचना म्हणायची, "दिवाळीले येते ना पोरगी, मंग काऊन झुरता?" किसनराव म्हणत, "कोण झुरून राह्यलं?" आणि झुरत राहत.

दर वर्षी खांदशेकणीच्या संध्याकाळी मात्र ते तिला व्हिडिओ कॉल लावत. खांदशेकणी पोळ्याच्या आदल्या दिवशी. बैलानं ज्या खांद्यावर वर्षभर जू वाहिलं, त्या खांद्याला हळद आणि लोणी चोळून शेकायचं, आणि उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. एका हाताला हळद, दुसऱ्या हातात फोन. त्यामुळे समीक्षाला अर्धा वेळ बापाचं कपाळ दिसे आणि अर्धा वेळ गोठ्याचं छप्पर. मग आवाज येई, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." "छान हं बाबा," असं म्हणून ती फोन ठेवी.

यंदा तिचाच फोन आला. गणपतीच्या आधी पुण्यात मोठा कला आणि डिझाइनचा बाजार भरतो, त्यात तिनं गाळा घेतला होता. चाळीस बैल हवे होते, पण रंग नको, डोळे नकोत, घुंगरू नकोत, झूल नको. नुसतं गोरं लाकूड, फार तर चाकं आणि दोरी.

"डोळेच नाई त चालंन कसा तो?" किसनरावांनी विचारलं.

"बाबा, त्याला कुठं चालायचंय? टेबलावर ठेवतात लोक."

बाजार शुक्रवार ते रविवार. रविवारी पोळा, सोमवारी तान्हा पोळा. किसनरावांनी मनाशी हिशेब मांडला: लेक येत नाही, तर आपण जाऊ आणि तिला घेऊनच येऊ. रविवारी रात्री गाडीत बसलं, की सोमवारी सकाळी वर्धा आणि दुपारी तान्हा पोळा. गावच्या गोपालच्या ऑनलाइन सेवा केंद्रातून त्यांनी परतीची दोन तिकिटं काढली, चार घड्या घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि खऱ्या बैलजोडीचा पोळा शेजारच्या तानबावर सोपवला. लेकीला मात्र तिकिटांचं बोलले नाहीत. एरवी हा माणूस बोलून बोलून बाभळीलाही कंटाळा आणील असा, पण स्वतःसाठी काही मागायचं म्हटलं की त्याची जीभ टाळूला चिकटत असे.

शुक्रवारी बैल मांडून झाले आणि समीक्षा म्हणाली, "बाबा, जरा फिरून या, बाजार पाहा." किसनराव फिरायला निघाले आणि शंभर पावलांत त्यांच्या डोक्याचा भुगा झाला.

पहिल्याच गाळ्यात गोणपाटाच्या पिशव्या. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये ज्याला पाय पुसतात ते गोणपाट इथं काचेच्या दिव्याखाली टांगलं होतं आणि बायका त्याला मऊ हातानं चाचपत होत्या. पुढे मातीचे कप, झाडून सगळे वाकडे. किसनरावांना वाटलं, बिचाऱ्याचं चाक बिघडलं असावं. त्यांनी आपुलकीनं चौकशी केली, तर कपवाली बाई म्हणाली, "काका, हातानं केलेलं आहे ना, म्हणून वाकडं."

"आमचा कुंभार बी हातानंच करते," किसनराव म्हणाले, "पण सरळ करते."

त्याच्या पुढे गोवऱ्या होत्या. चौकोनी कापलेल्या, कागदात गुंडाळलेल्या, वर सुतळीची गाठ. किसनरावांनी एक उचलून वास घेतला, पुन्हा जागेवर ठेवली आणि सुलोचनाला फोन करून सांगितलं, की घरी मागच्या भिंतीला जे थापून ठेवलंय ते सांभाळून वापर.

बाजाराच्या मधोमध एक खुर्ची ठेवली होती. चांगल्या सागवानाची, पण एक पाय आखूड, हात लावला की डुगडुगे. सुताराच्या डोळ्याला असली खुर्ची दिसणं म्हणजे आईला शेंबडं पोर दिसण्यासारखं. किसनरावांनी इकडंतिकडं पाहिलं, खाली पडलेली एक ढलपी उचलली, खिशातल्या चाकूनं तासली आणि आखूड पायाखाली पाचर ठोकून दिली. खुर्ची जागेवर बसली. एक म्हातारी बाई केव्हाची बसायला जागा शोधत होती, ती "देव भलं करो" म्हणत त्यावर टेकली.

दहा मिनिटांत दाढीवाला एक तरुण धावत आला. नाव ऋग्वेद. ती खुर्ची म्हणजे त्याची कलाकृती होती. शेजारच्या पुठ्ठ्यावर तिचं नाव होतं 'अस्थिर', आणि खाली माणसाच्या जगण्यातल्या डळमळीतपणाबद्दल बारा ओळी.

"काका, तुम्ही ही... स्थिर केलीत?" त्याचा आवाज रडवेला झाला होता.

"हो ना बाप्पा. पैसे नको देऊ, लहान काम होतं," किसनराव म्हणाले.

ऋग्वेद पाचर काढायला वाकला, पण तोवर खुर्चीसाठी तीन म्हातारी माणसं रांगेत उभी होती. त्या अख्ख्या बाजारात बसण्यासारखी ती एकच वस्तू होती. पाचर तशीच राहिली.

गाळ्यावरही किसनरावांनी गोंधळ घालायचा बाकी ठेवला नाही. एक चिमुरडी बैलाची दोरी धरून तो ओढत ओढत त्यांच्यापुढे आली. आता दारी बैल आला! किसनरावांचा हात आपसूक खिशात गेला आणि त्यांनी पोरीच्या हातावर संत्रागोळ्या ठेवल्या. पोरीनं जाऊन भावाला सांगितलं, भावानं मित्रांना. संध्याकाळपर्यंत गाळ्यापुढे पोरांची रांग लागली. दर पोर एक बैल उचलायचं, चार हात ओढायचं, बोजारा घ्यायचं, बैल परत ठेवायचं आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं.

"बाबा," समीक्षा दात ओठ खात म्हणाली, "आपण विकायला बसलोय. वाटायला नाही."

"दारी आलेला बैल रिकामा पाठवू काय?"

"आपल्याच गाळ्यावरून उचलून आपल्याच दारी आणतायत ते!"

किसनरावांनी पुढच्या पोराच्या हातावर गोळी ठेवली. गोळ्या संपेपर्यंत ते थांबले नाहीत.

शनिवारी समीक्षा सकाळपासून धास्तावलेली होती. रविवारी अकरा वाजता लीना नावाची एक बाई येणार होती. तिचं घरसजावटीचं मोठं दुकान होतं, आणि बैल पसंत पडले तर ती दिवाळीसाठी दोनशे घेणार होती. नोकरी सोडल्यापासून समीक्षाला मिळालेलं हे पहिलं मोठं काम असतं. "तिला सगळं गोरं, साधं लागतं बाबा. एक डाग चालत नाही." संध्याकाळी ती आयोजकांच्या बैठकीला गेली आणि जाताना म्हणाली, "बैलांवर चादर टाकून ठेवाल?"

किसनराव एकटे राहिले. साडेसहा झाले होते. तिकडे पवनारला आत्ता गोठ्यात दिवा लागला असेल, तानबा हळद कालवत असेल. आणि इथं चाळीस बैल उघड्या खांद्यानं उभे, उद्या पोळा. किसनरावांना राहवेना. बैल लाकडाचा असला म्हणून काय झालं? घरी दर वर्षी गोठ्यातल्या जोडीचे खांदे शेकून झाले, की उरलेली हळद ते घराच्या भिंतीतल्या देवळीत ठेवलेल्या समीक्षाच्या त्या मोठ्या शिंगाच्या बैलालाही लावत. हे चाळीस तर त्याचेच भाऊबंद.

हळद आणायची कुठून? खाण्याच्या गल्लीत एक पोरगा कागदी पेल्यात हळदीचं दूध विकत होता, इंग्रजी नावानं. किसनराव म्हणाले, "दूध नको, नुसती हळद दे." पोरग्यानं विचारलं, कशाला? "बैलाच्या खांद्याले." पोरग्यानं पुढं काही न विचारता पेला भरून दिला. लोणी पावभाजीवाल्याकडून मिळालं. मग किसनरावांनी चाळीसच्या चाळीस बैलांचे दोन्ही खांदे मन लावून चोळले, मोबाईलच्या दिव्यावर हात तापवल्यासारखं करून शेकले, आणि वर चादर टाकली. उरलेली हळद पेल्यासकट पिशवीत ठेवली. फार दिवसांनी त्यांना बरं वाटलं. फोन लावायला हात गेला, मग आठवलं की लेक इथंच पन्नास पावलांवर आहे. फोन त्यांनी परत खिशात ठेवला.

रविवारी सकाळी समीक्षानं चादर ओढली आणि किंचाळली.

शिवणीचं लाकूड दुधासारखं गोरं. रात्रभर त्यानं हळद आणि लोणी आत ओढून घेतलं होतं. चाळीस बैल, ऐंशी पिवळेजर्द खांदे. तिनं ओला रुमाल घेऊन एक बैल पुसला, तर हळद खांद्यावरून पाठीवर, पाठीवरून पोटावर गेली आणि बैलाला कावीळ झाल्यासारखं दिसू लागलं. इतके दिवस पुण्याच्या बोलीत बोलणारी पोरगी संतापानं एकदम गावच्या बोलीवर आली. "बाबा, काय करून ठेवलं हे? काऊन केलं?"

"खांदशेकणी होती ना बाई काल."

"लाकडाच्या बैलांची?"

"मंग? घरी करतोच ना आपण."

समीक्षा खाली बसली. किसनरावांना आपली चूक अजून नीट कळली नव्हती, पण लेकीच्या डोळ्यांत पाणी आहे एवढं कळलं, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अकरा वाजता लीनाताई आल्या. पांढरे कपडे, पांढरे केस, पांढरी पिशवी. त्यांनी बैलांकडे पाहिलं. "हे पिवळं काय आहे?"

समीक्षानं इंग्रजीत काहीतरी लांबलचक सुरू केलं, नैसर्गिक रंग आणि परंपरेचा पुनर्विचार वगैरे. लीनाताईंनी बैलाच्या खांद्यावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि विचारलं, "पण याला पावभाजीचा वास का येतोय?"

समीक्षाची इंग्रजी तिथंच संपली. तेव्हा किसनराव पुढे झाले आणि त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं: जू, खांदा, हळदीच्या दुधाचा पोरगा आणि पावभाजीवाल्याचं लोणी. "पोरीची काई चूक नाई म्याडम. तिनं चादर टाकाले सांगतलं, मी हळद टाकली."

लीनाताईंनी तो बैल हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, "असे दोनशे होतील दिवाळीपर्यंत? असाच पिवळा खांदा, सगळ्यांना सारखा?"

किसनराव म्हणाले, "बैल होतीन. हळद नाई होनार."

"का?"

"खांदशेकणी पोळ्याच्या आदल्या दिवशी. दिवाळीले कायची खांदशेकणी?"

समीक्षानं टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. लीनाताई हसल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. "उद्या अकराला माझ्या ऑफिसला ये," त्या समीक्षाला म्हणाल्या, "नीट बोलू. उद्याच ये, परवा मी दिल्लीला चाललेय." आणि सहा बैल घेऊन गेल्या.

समीक्षानं बापाला मिठी मारली. "बाबा, उद्या बोलावलंय!"

"बढिया झालं," किसनराव म्हणाले. उद्या. त्यांनी बंडीवरून खिसा चाचपला. तिकिटं होती जागेवर. लेकीचं भलं होत होतं आणि आपल्याला त्याचं दुःख होतंय, याची त्यांना शरम वाटली. ते जाऊन ऋग्वेदच्या खुर्चीत बसले. शेजारी जमिनीवर ऋग्वेदच बसला होता. तो म्हणाला, "काका, या खुर्चीला कालपासून सगळ्यात जास्त लोकांनी दाद दिली." किसनरावांनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

सहाला बाजार उठला. उरलेले बैल पोत्यात भरून झाले. तीन दिवस ओझी वाहून समीक्षाचा खांदा भरून आला होता. किसनराव पुन्हा त्या खुर्चीत टेकले होते; ती तिथं येऊन खाली बसली आणि मान वाकडी करून म्हणाली, "खांदा गेला हो बाबा."

किसनरावांनी पिशवीतून तो कागदी पेला काढला. तळाशी अजून हळद होती, लोण्यात कालवलेली.

"बाबा, कुर्ता पिवळा होईल!"

"होऊ दे."

पिशवीच्या पट्ट्यानं जिथं लाल वळ उठला होता, तिथं त्यांनी बोटांनी हळद लावली आणि जड तळव्यानं हळूहळू चोळली. ती कण्हली. त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

"मी काय बैल आहे का?" समीक्षा हसली. "आणि बाबा, खांदशेकणी काल झाली. आज पोळा."

"तो मोठ्यायचा. तुया पोळा उद्या. तान्हा."

बोलता बोलता ते पुढे वाकले आणि बंडीतून चार घड्यांचा कागद तिच्या मांडीवर पडला. ते झडप घालणार तोवर तिनं तो उघडला होता. आजची तारीख, नऊ चाळीसची गाडी, वर्ध्यापर्यंत. दोन नावं. खाली तिकीट काढल्याची तारीख, दोन महिन्यांपूर्वीची.

तिनं वर पाहिलं. आवाज पुण्याचा राहिला नव्हता. "दोन महिने झाले बाबा. मले विचारलं काऊन नाई तुमी?"

"विचारलं ना. दर वर्षी विचारतो."

"कधी?"

"फोनवर आवतन देत नाई का?"

"ते त बैलायले देता तुमी!"

"बैलाले कायचं आवतन, बाई?" किसनराव म्हणाले. "बैल त घरीच असते."

हळदीचा हात समीक्षाच्या खांद्यावर तसाच होता. तिनं कुर्त्याच्या पिवळ्या झालेल्या खांद्याला डोळे पुसले, तेव्हा गालालाही हळद लागली. मग तिनं फोन काढला आणि लीनाताईंना लिहिलं: "उद्या नाही जमणार. घरून आवतन आहे."

पलीकडून लगेच उत्तर आलं: "आवतन म्हणजे?"

पण तेव्हा साडेसात झाले होते, स्टेशन लांब होतं, आणि बैलांची दोन पोती अजून उचलायची होती.